सासूने मनातल्या मनात मत बदललं, तर नैतिकदृष्ट्या काही घडलं का? (आयरिस मर्डॉक)

केतकीबन

आयरिस मर्डॉक (१९१९-१९९९) आपल्यापैकी बऱ्याच जणांना कादंबरीकार म्हणून ठाऊक असेल. १९७८चं बुकर तिला मिळालं होतं. पण १९४८ ते १९६३ ती ऑक्सफर्डच्या सेंट अ‍ॅन्स कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होती. 'द सॉव्हरिन्टी ऑफ गुड' (१९७०) हे तिचं तीन निबंधांचं छोटंसं पुस्तक. त्यातला पहिला निबंध मी पुन्हा वाचतेय आणि एका उदाहरणापाशी अडकलेय.

एक सासू आहे. तिला सून आवडत नाही. मुलगी मनाने वाईट नाही हे तिला मान्य आहे, पण आगाऊ वाटते, फटकळ वाटते, वयाच्या मानाने पोरकट वाटते. तिचं बोलणं खटकतं, कपडे खटकतात. मुलाने आपल्या तोलामोलाची मुलगी केली नाही, हे मनात ठसलंय. पण सासू घरंदाज. वागण्यात यातलं काहीही दिसू देत नाही. मर्डॉक पुढे म्हणते, समजा ते जोडपं परदेशी निघून गेलंय, किंवा सून वारलीच आहे. म्हणजे चांगलं-वाईट वागायची संधीच उरलेली नाही.

दिवस जातात. सासू स्वतःशी म्हणते, मी जुन्या वळणाची आहे. माझे पूर्वग्रह असतील, घराण्याचा तोरा असेल, आणि मत्सर तर नक्कीच आहे. पुन्हा एकदा नीट बघू. मग हळूहळू आगाऊ वाटणारी मुलगी तिला मोकळी दिसायला लागते, फटकळपणात सरळपणा दिसतो, पोरकटपणात टवटवी.

बाहेर तसूभरही काही हललेलं नाही. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये जे नीतिशास्त्र जोरात होतं, त्याच्या हिशेबाने इथे नोंद घेण्यासारखं काहीच घडलं नाही. नीती म्हणजे निवड आणि कृती, चारचौघांत तपासता येईल अशी गोष्ट. मर्डॉक म्हणते, घडलं, आणि बरंच घडलं. ती सासू इतका काळ काम करत होती.

मला मर्डॉकचं पटतं. एखाद्या माणसाबद्दल आपण मनात कोणते शब्द वापरतो, तिथेच नीतीचं मोठं काम होऊन जातं. तुम्हाला काय वाटतं?

फुलपाखरू_नागपूर

तत्त्वज्ञानाच्या धाग्यात सासू-सून! शंभरी नक्की. चहा टाकून येते.

तर्कटराव

अजिबात पटलं नाही. सासूच्या डोक्यात काय चाललंय त्याने सुनेच्या ताटात काय पडलं? उद्या मी शेजाऱ्याबद्दल मनात फार उदात्त विचार करीन आणि त्याच्या दारासमोर गाडी लावत राहीन. मला नीतिमान म्हणाल? नीतीची परीक्षा कृतीतच होते. बाकी ज्याचं त्याच्यापाशी.

आणि दुसरं, बाईंनी उदाहरण सोयीचं निवडलंय. सून मुळात चांगलीच आहे असं धरून चाललंय सगळं. पुन्हा नीट बघितल्यावर ती पहिल्यापेक्षाही वाईट निघाली तर?

निवांत_वाचक

तर्कटराव, तुमचा शेजारी घेऊनच बोलू. गाडी कुठे लावायची हे तुम्ही त्या क्षणी 'ठरवत' नाही. शेजारी तुम्हाला 'कटकट्या म्हातारा' दिसत असेल तर गाडी आपोआप तिथे लागते. 'सकाळी औषध आणायला बाहेर पडणारा माणूस' दिसत असेल तर आपोआप लागत नाही. मर्डॉकचा मुद्दा हाच आहे. निवडीचा क्षण येतो तेव्हा निवडायचं बरंचसं काम आधीच उरकलेलं असतं, कारण आपण आपल्याला जे दिसतं त्याच जगात वागतो. त्या क्षणी आकाशातून एक स्वतंत्र 'इच्छाशक्ती' उतरून मत देऊन जाते, हे चित्रच तिला खोटं वाटतं.

रानजाई

मी सून आहे म्हणून लिहिते.

'सासूच्या वागण्यात काहीही दिसत नाही' हे मर्डॉकने कसं धरलं? आमच्याकडे मला कोणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. सगळे सण, सगळ्या साड्या, ओटी, सगळं यथासांग. माझ्या माहेरून डबा आला की सासूबाई एक लाडू घ्यायच्या, "छान झालेत हं" म्हणायच्या, आणि अर्धा वाटीच्या कडेला ठेवून द्यायच्या. दर वेळी अर्धा. आईने विचारलं की मी म्हणायचे, आवडले. यात चूक काय दाखवणार तुम्ही? पण मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं.

नजर झिरपतेच. 'वागणं अगदी तेच आणि मन वेगळं' अशी सासू फक्त कागदावर सापडेल.

फुलपाखरू_नागपूर

रानजाई, अर्धा लाडू वाचून घशात आवंढा आला. चहा राहिला तसाच.

केतकीबन

रानजाई, मोलाचं लिहिलंत. पण मला वाटतं तुम्ही मर्डॉकच्या विरोधात नाही, तिच्याही एक पाऊल पुढे आहात. नजर झिरपते हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर तिने सुनेला परदेशी धाडलं, मारूनही टाकलं. सगळी गळती बंद करून तिला विचारायचं होतं, की आता मागे जे उरलं त्याला काही किंमत आहे का? ती म्हणते, आहे. तुमच्या अनुभवाने ती किंमत वाढतेच, कारण एरवी तर झिरपतंही.

रानजाई

असेल. पण ज्या उदाहरणात सून मेल्याने काही बिघडत नाही, ते उदाहरण मला थोडं टोचतंच. सासूला आतला आवाज आहे, इतिहास आहे, सुधारायला सवड आहे. सुनेला नाव म्हणून फक्त 'D' हे एक अक्षर.

तर्कटराव

+१. पहिल्यांदाच या धाग्यावर कुणीतरी माझ्या बाजूने.

रानजाई

तुमच्या बाजूने नाही हो! तुम्ही म्हणताय मनाला किंमत नाही. मी म्हणतेय मनाला इतकी किंमत आहे की ते लपतच नाही.

घाटवाट

मूळ लेखात 'त्या काळचं ऑक्सफर्डचं नीतिशास्त्र' एका ओळीत निकालात निघालं, म्हणून थोडी दुसरी बाजू.

मर्डॉक ज्यांच्याशी भांडत होती त्यांतला एक मोठा माणूस म्हणजे आर. एम. हेअर. त्याचं 'द लँग्वेज ऑफ मॉरल्स' १९५२ सालचं. त्याच्या मते 'चांगलं' म्हणणं म्हणजे जगातल्या एखाद्या वस्तूचं वर्णन करणं नव्हे. तो एक प्रकारे आदेश आहे, स्वतःसकट सगळ्यांना लागू होणारा. तत्त्व तुम्ही निवडता आणि मग ते निभावता. हे कोरडं वाटतं खरं. पण हेअर कुठून आला ते बघा. दुसऱ्या महायुद्धात तो भारतीय पहाडी तोफखान्यात अधिकारी होता. १९४२ला सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबला. आजूबाजूला रीतभात, परंपरा, एकमत यातलं काहीही शिल्लक नाही, अशा जागी माणूस कशाच्या आधारावर वागतो? स्वतः स्वीकारलेल्या तत्त्वाच्या. तिथे 'मोकळी की आगाऊ' असल्या बारकाव्यांना वाव नसतो. त्याच्या तत्त्वज्ञानाच्या मागे ती छावणी आहे असं मला नेहमी वाटत आलंय, आणि म्हणून मी त्याला उथळ म्हणू शकत नाही.

लीड्सची_पावसाळी

घाटवाट, सुंदर प्रतिसाद. पण छावण्या मर्डॉकनेही पाहिल्या होत्या. १९४४ ते १९४६ ती संयुक्त राष्ट्रांच्या मदत आणि पुनर्वसन संस्थेत होती, आधी लंडन, मग ब्रुसेल्स, मग ऑस्ट्रिया. ऑस्ट्रियात तिचं काम निर्वासितांच्या छावण्यांत. ज्यांना परत जायला देशच उरला नाही अशी माणसं. तिथल्या कार्यालयांत माणूस म्हणजे एक अर्ज, एक वर्गवारी. एकेका माणसाकडे नीट बघणं म्हणजे काय, हे तिला वर्गात बसून सुचलं नसणार.

आणखी एक गोष्ट इथे हवीच. मर्डॉक, फिलिपा फूट, मेरी मिजली, एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या पुढे तत्त्वज्ञ झालेल्या चौघी युद्धाच्या काळात ऑक्सफर्डला विद्यार्थिनी होत्या. पहिल्या तिघी समरव्हिल कॉलेजच्या, अ‍ॅन्स्कम सेंट ह्यूजची. बरीचशी पुरुषमंडळी लढाईवर गेलेली. मिजलीने पुढे लिहिलंय की त्यामुळे वर्गातली खडाखडी कमी झाली आणि आम्हांला आमचे विचार ऐकू आले. चौघींची मतं एक नव्हती. अ‍ॅन्स्कम कट्टर कॅथलिक, फूट नास्तिक. पण 'मूल्य वेगळं, वस्तुस्थिती वेगळी' ही भिंत चौघींनाही मान्य नव्हती. नीतीच्या गप्पांत सासू-सून, मुलं, घर, जनावरं येऊ लागली त्यात यांचा मोठा वाटा आहे.

सोनकी

हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे की. साक्षीभाव. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातही हेच शिकवतात, जे आहे ते जसं आहे तसं बघा. उगाच ऑक्सफर्डला वळसा कशाला?

निवांत_वाचक

सोनकी, नातं आहे, पण एकच गोष्ट नाही. विपश्यनेत आपण स्वतःच्या श्वासाकडे, संवेदनांकडे बघतो, आणि त्यांच्यात न गुंतता बघतो. मर्डॉकची सासू दुसऱ्या एका विशिष्ट माणसाकडे बघतेय, आणि तिला अलिप्त व्हायचं नाहीये. प्रेम म्हणजे आपल्याखेरीज दुसरंही काही खरं आहे, ही अतिशय अवघड जाणीव, असं तिने १९५९च्या एका निबंधात म्हटलंय. बौद्ध विचारात तिला रस मात्र होता. आणि जे. कृष्णमूर्तींशी तिचा १९८४ला इंग्लंडमध्ये ब्रॉकवुड पार्कला संवाद झालाय, त्याचं चित्रीकरणही आहे. ती प्लेटो मध्ये आणत राहते आणि ते प्रत्येक शब्द बाजूला सारत राहतात. जरूर बघा.

खडूफळा

या नीट बघण्याला मर्डॉक 'लक्ष देणं' म्हणते. ही कल्पना तिने सिमोन वेईल या फ्रेंच विचारवंत बाईकडून घेतली, हे ती स्वतः सांगते. वेईल १९४३ला इंग्लंडमध्ये वारली, अवघी ३४ वर्षांची. ती संस्कृत शिकली होती, गीता मुळातून वाचत होती. तिचं म्हणणं, भूमितीचं गणित सुटलं नाही तरी त्यावर खरोखर दिलेलं लक्ष वाया जात नाही. मर्डॉक याच्या जोडीला रशियन भाषा शिकण्याचं उदाहरण देते. परकी भाषा माझ्या मर्जीने वाकत नाही. तिच्यापुढे मला नमतं घ्यावं लागतं, आणि येत नसेल तिथे येत असल्याचा आव आणता येत नाही.

मला हे मोडी वाचताना पटलं. ज्यांनी मोडी कागद पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आधी पानभर आडव्या रेघा मारलेल्या, मग लेखणी शक्यतो न उचलता लिहीत गेलेलं, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आपल्या गावाचा किंवा घराण्याचा कागद हाती आला की डोळे आपल्याला हवं ते नाव शोधू लागतात. एक 'म' आणि एक गोलाई दिसली की मन म्हणतं, हेच ते, आपलेच खापरपणजोबा. आमचे शिकवणारे तिथे पेन्सिल आडवी धरायचे. "पुढचं अक्षर झाका आणि हेच अक्षर सांगा." निम्म्या वेळा ते 'म' नसायचंच. आणि लागत नसेल तर तिथे टिंबं टिंबं टाकायची, हा नियम. इनामाच्या वादात कागद वाचताना कुणी टिंबांच्या जागी नाव भरलं तर एका घराची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढेल. वाचनाची शिस्त आणि नीतीची शिस्त तिथे वेगळ्या करून दाखवा.

तर्कटराव

खडूफळा, हा प्रतिसाद आवडला. पण तुमच्या उदाहरणाने माझाच मुद्दा पुढे जातो. कागदावर 'म' आहे की नाही हे तिसरा माणूस तपासू शकतो. सासूचं नवं मत बरोबर की जुनं, हे कोण तपासणार? म्हातारपणी एकटेपणा आला, मुलगा दूर गेला, आणि सून गोड वाटायला लागली. याला सत्यदर्शन म्हणायचं की स्वतःची समजूत?

आणि खरा धोका पुढे आहे. नवरा मारतो. बायको त्याच्याकडे 'प्रेमळ नजरेने पुन्हा एकदा' बघते. मर्डॉकबाईंचा सल्ला इथेही हाच का?

अंजिरी

या प्रश्नासाठीच लॉगिन केलं. मी कौटुंबिक न्यायालयात समुपदेशनाचं काम बरीच वर्षं केलं आहे. कुणाचीही ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिते.

आमच्याकडे माणसं विशेषणं घेऊन येतात. उद्धट, आळशी, घराकडे लक्ष नाही, आईच्या ओंजळीने पाणी पिणारा. अर्जातही तेच लिहिलेलं असतं. आमचं पहिलं काम असतं विशेषण बाजूला ठेवायला लावणं. "उद्धट म्हणजे काय केलं? मंगळवारी काय झालं ते सांगा." एका सासूबाईंची तक्रार होती, सून ताटावरून फोन घेऊन उठते. रोज. मी विचारलं, फोन कोणाचा असतो? त्यांना माहीत नव्हतं. सुनेला बोलावलं. तिचे वडील डायलिसिसवर, आणि दवाखान्यातून परतल्यावर ते त्याच वेळेला फोन करायचे. घरात हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. त्या दोघींचं पुढे गूळपीठ झालं असं समजू नका, प्रकरण बरंच चाललं. पण त्या दिवसानंतर सासूबाईंच्या तोंडून 'उद्धट' हा शब्द गेला. 'घुमी आहे' म्हणू लागल्या. तेही काही कौतुक नव्हतं, पण जास्त खरं होतं.

आता तर्कटरावांच्या प्रश्नाकडे. मार खाणाऱ्या बायका येतात तेव्हा त्यांच्या तोंडी काय असतं, माहीत आहे? "तापट आहेत, पण मनाने चांगले आहेत." "दारू उतरली की देवमाणूस." ही प्रेमळ नजर नव्हे, हा न बघण्याचा मार्ग आहे. 'तापट' हा शब्द मारहाणीवर घातलेलं पांघरूण आहे. मर्डॉकच्या लेखी नजरेला दोन अटी आहेत, ती प्रेमळ हवी आणि न्याय्यही हवी. मनाला दिलासा देणारी कल्पनाचित्रं ही तिच्या मते सत्य दिसण्यातली सगळ्यात मोठी आडकाठी. मत्सराने रंगवलेलं चित्र जितकं खोटं, तितकंच भीतीने रंगवलेलं. एखादी बाई ज्या दिवशी 'तापट' सोडून 'मारतो' म्हणते, तो दिवस मला नेहमी वळणाचा वाटत आला आहे. घर सोडणं, तक्रार करणं, सगळं त्यानंतर. कृती नंतर येते, तर्कटराव.

केतकीबन

अंजिरीताई, मनापासून आभार. मी इतकं स्पष्ट मांडू शकले नसते.

तर्कटराव, 'कोण तपासणार' या प्रश्नाला मर्डॉक बगल देत नाही. त्याच निबंधात ती म्हणते की काही जण म्हणतील सासू स्वतःला फसवतेय, आणि कधीकधी ते खरंही असेल. बाहेरून खात्री देणारं यंत्र तिच्याकडे नाही. पण उत्तर तपासायला अवघड आहे म्हणून प्रश्नच नाही असं म्हणता येणार नाही, इतकंच तिचं म्हणणं. तिने एक वाट मात्र दाखवलीय, दोन माणसांनी एकाच गोष्टीकडे मिळून बघणं. आपण एकमेकांना दाखवतो, शब्द सुचवतो, दुरुस्त करतो. 'उद्धट'चं 'घुमी' झालं ते तसंच झालं ना?

वैद्यबुवा

अवांतर: मर्डॉकला शेवटच्या वर्षांत अल्झायमर झाला. तिची शेवटची कादंबरी १९९५ची, तेव्हा निदान झालेलं नव्हतं. पुढे संशोधकांनी तिच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तीन कादंबऱ्यांची भाषा तपासली. वाक्यांची बांधणी फारशी ढासळलेली नव्हती, शब्दसंग्रह मात्र आक्रसला होता. नेमके, कमी वापरातले शब्द गळत गेले होते. जिने आयुष्यभर सांगितलं की नेमका शब्द सापडणं म्हणजेच नीट दिसणं, तिच्याकडून नेमके तेच जावेत, हे रुग्ण रोज पाहणाऱ्या मलाही जड जातं.

यातून मला प्रश्न पडतो. शब्द गेले तर नजर जाते का? माझ्याकडे येणारे असे काही रुग्ण बायकोचं नाव विसरतात, पण ती खोलीत आली की हात पुढे करतात.

रानजाई

वैद्यबुवा, माझ्या सासूबाईंना आता विस्मरण आहे. नाव आठवत नाही माझं. डब्यातला लाडू पूर्ण खातात. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही आणि मला तो इथे कुणी लावून द्यायलाही नको आहे. फक्त सांगितलं.

फुलपाखरू_नागपूर

❤

घाटवाट

मूळ प्रश्नाकडे येतो. अंजिरीताईंचा प्रतिसाद वाचून मी अर्धा सरकलो. 'तापट'पासून 'मारतो'पर्यंतचा प्रवास हा नैतिक प्रवास आहे, कबूल. पण 'मारतो' म्हटल्यावर पुढे 'आणि हे कुणालाही सहन करायला लागू नये' हे वाक्य येतं, ते हेअरचं आहे. नीट दिसल्यानंतरही तत्त्व लागतं. दोघांना एकत्र वाचावं, असं मी म्हणेन.

खडूफळा

सुरुवात कुठल्या निबंधापासून करावी? पहिला जरा अंगावर येतोय.

केतकीबन

पहिल्यात समकालीनांशी वाद बराच आहे, म्हणून जड जातो. तिसऱ्यापासून सुरू करा. ते मुळात १९६७चं केंब्रिजमधलं व्याख्यान आहे, त्यामुळे ओघवतं आहे. अपमान उगाळत खिडकीशी बसलेल्या माणसाला अचानक हवेत एका जागी तरंगणारा ससाणा दिसतो, तो प्रसंग त्यातच येतो. मग पहिला वाचा, सासू-सून तिथे भेटतील. मधला सगळ्यात शेवटी.

तर्कटराव

तिसरा वाचून परत येतो. मार आणि 'तापट'वाला मुद्दा मी मान्य केला आहे, तेवढा नोंदवून ठेवा. पण रानजाईंना जे टोचलं त्यातला प्रश्न अजून तसाच आहे, सुनेने सासूकडे बघायचं की नाही, आणि बघितल्यावर तिला काय दिसलं. त्या निबंधात ते नसेल तर पुन्हा भांडायला येईन.

रानजाई

या. तोवर मीही वाचते.